मळसूत्र निवडतांना

सोलापूर शहराच्या पूर्व भागांतील एखाद्या गल्लींतून दुपारच्या वेळीं जाणाऱ्याला यंत्रमागांचा खडखडाट एकसारखा ऐकूं येतो. नवख्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटतो. परंतु त्या घरांत राहणाऱ्यांचे कान त्याला इतके सरावलेले असतात कीं, चार मागांपैकीं एक थांबला तर स्वयंपाकघरांतल्या बाईच्याही तें तत्काळ ध्यानांत येतें. चादर आणि टॉवेल यांच्या विणकरीवर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्यापैकीं पुष्कळांची मजुरी विणलेल्या मालावर ठरते. माग थांबला कीं मजुरीही थांबते.

अशाच एका घरांतील प्रसंग कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावा. माग थांबला आहे. धोटा ज्या पेटींत येऊन विसांवतो, त्या पेटीची लोखंडी पट्टी सैल झाली आहे, कारण ती धरून ठेवणारें एक मळसूत्र, म्हणजे बाजारांत ज्याला स्क्रू किंवा बोल्ट म्हणतात तें, हादऱ्यांनीं निखळून कोठें तरी पडलें आहे. विणकर आपल्या मुलाला दुकानीं पाठवितो. मुलगा बोटांनीं जाडी दाखवून एक मळसूत्र घेऊन येतो. तें भोकांत दोन-तीन फेरे सहज जातें आणि मग अडतें. मुलगा पान्हा लावतो. "मामा, थोडें जड जातंय, पण बसतंय," असें तो शेजारच्या वृद्ध जोडाऱ्याला सांगतो. जोडारी हातांतलें काम टाकून उठतो, पण तो येईपर्यंत "कट्" असा लहानसा आवाज होतो आणि मळसूत्र एकाएकीं हलकें फिरूं लागतें. जड जाणारें मळसूत्र हलकें फिरूं लागलें याचा अर्थ एवढाच कीं, आंतील आटे गेले. मळसूत्राची किंमत दोन-चार रुपये होती. परंतु ज्या बिडाच्या भागांत तें बसवावयाचें होतें त्याची किंमत पुष्कळ अधिक, आणि तो दुरुस्त होईपर्यंत बंद राहिलेल्या मागाची मजुरी त्याहूनही अधिक.

हा प्रसंग मागापुरता नाहीं. शिवणयंत्र, सायकल, कुकरची मूठ, विजेचा पंखा, चष्म्याची दांडी, अशा ज्या ज्या वस्तु मळसूत्रांनीं जोडलेल्या आहेत त्या सर्वांच्या वांट्याला तो येतो. आणि दर वेळीं चूक एकच असते. हरवलेल्या मळसूत्राच्या जागीं दुसरें घेतांना आपण मळसूत्राचा विचार करतों, भोकाचा करीत नाहीं. वास्तविक निवड भोकावरून व्हावयास पाहिजे. मळसूत्र स्वस्त असतें व पुन्हा मिळतें. भोक महाग असतें व एकदां बिघडलें म्हणजे पूर्वीसारखें होत नाहीं.

मळसूत्र म्हणजे काय, हें समजण्यास एक कागद आणि एक पेन्सिल पुरे. कागदाचा काटकोन त्रिकोण कापावा व त्याची उभी बाजू पेन्सिलीला चिकटवून तो तिच्याभोंवतीं गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर वळसे घेत चढलेली दिसेल. हाच मळसूत्राचा आटा. डोंगरावर सरळ चढण्याऐवजीं घाटाच्या वळणांनीं चढलें म्हणजे श्रम कमी होतात, पण वाट लांबते. मळसूत्र हा तसाच लोखंडावर कोरलेला घाट होय. एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचें अंतर म्हणजे त्या घाटाची एका वळशाची चढण. मळसूत्राचा एक पूर्ण फेरा झाला कीं तें बरोबर तेवढेंच पुढें सरकतें.

आतां थोडें गणित करून पाहूं. आट्यांमधील अंतर १.२५ मिलिमीटर आहे आणि पान्ह्याचा दांडा १५० मिलिमीटर लांब आहे असें धरा. एका फेऱ्यांत हात सुमारें ९४२ मिलिमीटर फिरतो आणि मळसूत्र सव्वा मिलिमीटर पुढें जातें. म्हणजे हाताचा जोर साडेसातशे पटींनीं वाढला पाहिजे. त्याचा मोठा हिस्सा घर्षणांत जातो. तरीही ८ मिलिमीटर जाडीच्या मळसूत्रावर दांड्याच्या टोंकाशीं १० किलो वजनाइतका जोर दिला तर आंतील ताण ९०० किलोंच्या घरांत जातो. मुलगा "थोडें जड जातंय" म्हणाला, तेव्हां त्याच्या मनगटाला थोडेंच जड वाटत होतें. परंतु आंतल्या बिडाच्या आट्यांवर केवढा भार पडत होता याची कल्पना मनगटाला येणें शक्य नव्हतें. म्हणून पहिला नियम असा कीं, नवें मळसूत्र आरंभीं केवळ बोटांनीं फिरवावें. स्वच्छ भोकांत योग्य मळसूत्र बोटांनीं शेवटपर्यंत जातें. तें अडलें तर हत्यार शोधूं नये. मळसूत्र काढून घ्यावें आणि कारण शोधावें.

कारण पुष्कळदां असें असतें कीं, दोन मळसूत्रें दिसावयास एक आणि जातीनें भिन्न असतात. आट्यांची ओळख चार गोष्टींनीं पटते : बाहेरची जाडी, दोन आट्यांमधील अंतर, आट्याच्या खांचेचा कोन आणि फिरण्याची दिशा. या चारही गोष्टी जुळल्या तरच मळसूत्र त्या भोकाचें.

या जाती कशा निर्माण झाल्या याची हकीकत उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांतील प्रत्येक कारखाना आपल्या मनाप्रमाणें आटे पाडीत असे. एका कारखान्याची चाकी दुसऱ्या कारखान्याच्या मळसूत्रावर बसत नसे. १८४१ सालीं जोसेफ व्हिटवर्थ यांनीं निरनिराळ्या कारखान्यांतील मळसूत्रें गोळा करून त्यांवरून एक समान पद्धति सुचविली. तींत आट्याचा कोन ५५ अंश ठेवला आणि प्रत्येक जाडीला इंचांत किती आटे असावे हें ठरवून दिलें. पुढें १८६४ सालीं अमेरिकेंत विल्यम सेलर्स यांनीं ६० अंशांचा कोन घेऊन वेगळी पद्धति मांडली. अर्धा इंच जाडीच्या मळसूत्राला व्हिटवर्थ यांच्या पद्धतींत इंचाला १२ आटे, तर अमेरिकन पद्धतींत १३. युरोपांतील देशांनीं १८९८ सालीं झुरिच येथें भरलेल्या परिषदेंत मिलिमीटरची पद्धति ठरविली. घड्याळें व विजेचीं उपकरणें यांतील बारीक मळसूत्रांसाठीं इंग्लंडांत याच सुमारास आणखी एक निराळी पद्धति प्रचारांत होती.

अशा भेदांची किंमत कधीं कधीं भयंकर पडली आहे. १९०४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराला आग लागली, तेव्हां शेजारच्या शहरांतून बंब धांवून आले. परंतु त्यांपैकीं पुष्कळांच्या नळांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांना बसेनात. पाणी होतें, बंब होते, माणसेंही होतीं. पण त्यांना जोडणारा आटा जुळत नव्हता. त्या आगींत १,५०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटन आणि अमेरिका यांना एकमेकांचीं यंत्रें दुरुस्त करतांना हीच अडचण पुन्हा भोगावी लागली, आणि अखेरीस १९४८ च्या नोव्हेंबरांत ब्रिटन, अमेरिका व कॅनडा या तीन देशांनीं ६० अंशांची एक सामायिक पद्धति मान्य केली.

सोलापुरच्या मागवाल्याला या दूरच्या इतिहासाशीं काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर त्याच्या मागांतच आहे. सोलापुरची पहिली मोठी कापडगिरणी १८७७ सालीं सुरू झाली. त्यामागून लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णु, जाम अशा गिरण्या निघाल्या. त्या काळचीं गिरण्यांचीं यंत्रें मुख्यतः इंग्लंडांतून येत, आणि त्यांबरोबर इंचांचे आटे येत. १९५६ च्या कायद्यानें भारतानें मेट्रिक मापें स्वीकारलीं, आणि त्यानंतर घडलेल्या यंत्रांत हळूहळू मिलिमीटरचे आटे आले. त्या जुन्या गिरण्या आतां बंद पडल्या आहेत. परंतु लोखंड सहसा मरत नाहीं. जुन्या यंत्रांचे भाग, जुन्या नमुन्यांवरून ओतलेले नवे भाग आणि आजचीं मळसूत्रें हीं एकाच शेडमध्यें, कधीं कधीं एकाच मागावर, एकत्र नांदतात. घरांतही तसेंच असतें : आजीचें शिवणयंत्र एका पद्धतीचें आणि नातवाचें खेळणें दुसऱ्या पद्धतीचें.

मुलाची चूक नेमकी येथेंच झाली. मागाच्या बिडांतील भोक ५/१६ इंचाचें होतें. त्यानें आणलेलें मळसूत्र ८ मिलिमीटरचें होतें. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. सहा-शतांश मिलिमीटरचा फरक कोणाच्या बोटांना कळणार? परंतु ५/१६ इंचाच्या व्हिटवर्थ मळसूत्राला इंचांत १८ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमधील अंतर १.४१ मिलिमीटर, आणि ८ मिलिमीटरच्या नेहमींच्या मळसूत्रांत तें १.२५ मिलिमीटर. प्रत्येक फेऱ्याला सोळा-शतांश मिलिमीटरची तफावत पडते. पहिल्या फेऱ्यांत ती सैलपणांत मुरते. चौथ्या फेऱ्यापर्यंत ती साठून अर्ध्या आट्याहून जास्त होते. म्हणजे जेथें मळसूत्राचा उंचवटा यावयाचा तेथें खांच येते आणि जेथें खांच यावयाची तेथें उंचवटा. यानंतर मळसूत्र पुढें जात असेल तर तें वाटेनें जात नाहीं, भिंत फोडून जातें.

मग योग्य मळसूत्र ओळखावें कसें? जुना जोडारी प्रथम मळसूत्राकडे पाहत नाहीं, तर त्याच यंत्रावर त्याच कामासाठीं बसविलेलें दुसरें मळसूत्र शोधतो. पट्टीला चार भोकें असतील आणि एक मळसूत्र पडलें असेल, तर उरलेलीं तीन हे सर्वांत विश्वासू साक्षीदार. त्यांतील एक काढावें, रिकाम्या भोकांत बोटांनीं फिरवून पाहावें, आणि तें शेवटपर्यंत गेलें तर तेंच नमुना म्हणून दुकानीं न्यावें. दुकानांत नवें मळसूत्र नमुन्याला समांतर, आट्याला आटा लावून, उजेडाकडे धरावें. दोहोंचे आटे करवतीच्या दांत्यांप्रमाणें एकमेकांत संपूर्ण लांबीभर बसले आणि मधून उजेड आला नाहीं, तर अंतर जुळलें. दोन-तीन आटे जुळून पुढें फट दिसूं लागली, तर तें मळसूत्र ठेवून द्यावें. याहून खात्रीचें साधन म्हणजे आटे मोजण्याच्या दांतेरी पात्यांचा जुडगा. तो हत्यारांच्या दुकानांत मिळतो, आणि ज्या घरांत यंत्रें आहेत तेथें एक असावा. जाडी व्हर्नियर कॅलिपरनें मोजावी. लहान मापांत मात्र फार जपावें : ५ मिलिमीटरचें मळसूत्र आणि ३/१६ इंचाचें मळसूत्र यांच्या जाडींत पाव मिलिमीटरचाही भेद नाहीं, पण आट्यांच्या अंतरांत पुष्कळ आहे.

दिशेचीही आठवण ठेवावी. बहुतेक मळसूत्रें उजवीकडे फिरविलीं असतां घट्ट होतात. परंतु सायकलच्या डाव्या पायट्याचा आटा उलटा असतो, कारण सरळ आटा चालवतांना हळूहळू सैल होत गेला असता. शिवणयंत्राविषयीं एक सूचना येथेंच दिलेली बरी. जुन्या शिवणयंत्रांच्या कारखान्यांनीं पुष्कळ ठिकाणीं स्वतःचे खास आटे वापरले, जे कोणत्याही सर्वमान्य पद्धतींत बसत नाहींत. म्हणून त्यांचें मळसूत्र लोखंडी सामानाच्या दुकानांत न शोधतां शिवणयंत्रांच्या दुरुस्तीवाल्याकडे शोधावें.

आटे जुळले म्हणजे काम संपलें असें नाहीं. आतां लांबीचा प्रश्न येतो, आणि येथें शहाणीं माणसेंही फसतात. लांब मळसूत्र अधिक मजबूत, अशी एक समजूत आहे. भोक आरपार असेल आणि पलीकडे कांहीं नसेल, तर थोडी जास्त लांबी निभावून जाते. परंतु भोकाला तळ असेल, तर लांब मळसूत्राचें टोंक तळाला टेकतें. हाताला वाटतें कीं, मळसूत्र घट्ट झालें. प्रत्यक्षांत तें तळाशीं झगडत असतें आणि पट्टी मात्र वरती सैलच राहते. आणखी जोर केला तर तळ फुटतो किंवा आटे उपटतात. उलट मळसूत्र आंखूड असेल, तर सगळा भार दोन-तीन आट्यांवर येतो व ते सोलून निघतात.

याचें उत्तम उदाहरण सोलापुरच्या उन्हापासून फार दूर, बर्फांत सांपडतें. काश्मिरांतील गुलमर्ग किंवा उत्तराखंडांतील औली येथें लोक पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जातात. या पट्ट्यांना स्की म्हणतात. बूट पट्टीवर पकडून ठेवणारी आणि पडण्याच्या वेळीं तो सोडून देणारी एक खटकेदार पकड पट्टीवर बसविलेली असते. ही पकड साध्या मळसूत्रांनीं थेट पट्टीच्या लाकडांत बसवितात. परंतु ती वारंवार काढून घातली तर लाकडांतलें भोक सैल होतें. म्हणून कांहीं हौशी लोक पट्टींत आंतून आटे असलेली पोलादी नळी कायमची बसवून घेतात आणि तींत बहुधा ५ मिलिमीटरचें यंत्री मळसूत्र घालतात. आतां स्कीची जाडी ती किती! मूळचें मळसूत्र हरवलें आणि त्याच्या जागीं दोन-चार मिलिमीटर लांब असलेलें घातलें, तर त्याचें टोंक नळीच्या तळांतून पुढें रेटून पट्टीच्या गुळगुळीत पृष्ठावर खालून पुळी उठवितें. आंखूड घातलें, तर उतारावर, ऐन वेगांत, बूट पकडीसकट उखडण्याचा धोका. तेथें मळसूत्राची लांबी चुकली तर पाय मोडतो. येथें चुकली तर माग मोडतो. नियम दोन्हीकडे एकच.

तो नियम असा. प्रथम भोक साफ करावें, कारण तळाशीं सांठलेला कापसाचा भुगा व तेल यांनींही मळसूत्र अडतें. मग आगकाडी किंवा बारीक तार भोकांत उभी सोडून खोली मोजावी. जी वस्तु मळसूत्रानें धरावयाची तिची जाडी या खोलींत मिळवावी आणि बेरजेंतून दीड-दोन आटे वजा करावे. समजा, पट्टी ४ मिलिमीटर जाड आहे आणि भोकांत आटे असलेली खोली १४ मिलिमीटर आहे. बेरीज १८, सुमारें २ वजा केले म्हणजे १६. मिलिमीटरच्या मालांत १२, १६ आणि २० अशा लांबीचीं मळसूत्रें सहज मिळतात. त्यांतील १६ चें घ्यावें. इंचांच्या मालांत त्याच्या तोडीचें माप ५/८ इंच. २० चें घेतलें तर तें तळाला टेकेल. १२ चें घेतलें तर भोकांत फक्त ८ मिलिमीटर उतरेल. पोलादाच्या भोकांत मळसूत्राच्या जाडीइतकी पकड पुरते. बीड किंवा पितळ असेल तर दीडपट, आणि ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूंत दुप्पट असावी, असा कारागिरांचा साधारण अंदाज आहे. मापतांना एवढें विसरूं नये कीं, ज्या मळसूत्राचें डोकें वर राहतें त्याची लांबी डोक्याच्या खालून मोजतात. आणि ज्याचें डोकें खोबणींत बसून पृष्ठाशीं सपाट होतें त्याची लांबी डोक्यासकट मोजतात.

डोक्याची निवडही जागेवरून करावी. ज्या वाटेनें धोटा मिनिटाला सुमारें शंभर वेळां जातो-येतो, त्या वाटेवर मळसूत्राचें डोकें केसभरही वर राहतां कामा नये. नाहीं तर धोटा खरवडला जातो आणि त्या खरवडलेल्या धोट्यानें ताण्याचे धागे तुटूं लागतात. तेथें तिरप्या बुडाचें, खोबणींत बुडणारें डोकेंच पाहिजे, आणि त्याचा उतार खोबणीच्या उताराशीं जुळला पाहिजे. मिलिमीटरच्या मळसूत्रांत हा कोन ९० अंशांचा, तर अमेरिकन मळसूत्रांत ८२ अंशांचा असतो. न जुळणारें डोकें केवळ कडेवर टेकतें व लवकर ढिलें होतें. याच्या उलट, जेथें खोबण नाहीं तेथें तिरपें डोकें पाचरीसारखें शिरून लाकूड किंवा बेकलाइट फोडतें. कुकरच्या मुठी तडकतात त्याचें एक कारण हें, आणि दुसरें कारण जरुरीपेक्षां जास्त आवळणें. डोक्यावरील फुलीच्या खांचेंत पेचकसाचें टोंक नीट भरून बसत नसेल, तर जोर करण्यापूर्वीं पेचकस बदलावा. फुलीच्या खांचाही एकाहून अधिक जातींच्या असतात.

आतां धातूचा विचार. सर्वांत कठीण तें सर्वांत चांगलें, ही दुसरी गैरसमजूत. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आंकडे उमटविलेले असतात. ८.८ याचा अर्थ असा कीं, तो चौरस मिलिमीटरला सुमारें ८०० न्यूटन ओढ सहन करून तुटतो, आणि त्या ओढीच्या ८० टक्क्यांपाशीं तो कायमचा ताणला जाऊं लागतो. जेथें कारखान्यानें विशिष्ट आंकड्याचा बोल्ट दिला असेल तेथें त्याच आंकड्याचा घालावा. मोटारीचें चाक अथवा ब्रेक यांच्या बाबतींत तर दुसरा विचारच करूं नये. परंतु जुन्या बिडाच्या किंवा पितळेच्या भोकांत, जेथें मूळचें मळसूत्र साध्या पोलादाचें होतें, तेथें अतिकठीण मळसूत्र घालून लाभ कांहींच नाहीं. जोर जास्त झाला तर दोहोंपैकीं एक जाणारच; तें मळसूत्र असावें, भोक असूं नये. न गंजणारें पोलाद ओलसर जागीं उत्तम. पण त्याच जातीच्या पोलादांत तें कोरडें आवळलें तर आटे एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून त्याला थोडें वंगण लावावें आणि सावकाश फिरवावें.

मूळ मळसूत्र पडलें कां, हा प्रश्न मात्र नवें बसविण्यापूर्वीं विचारलाच पाहिजे. मागाच्या प्रत्येक ठोक्याला पट्टी किंचित् सरकते, आणि प्रत्येक सरकण्यानें मळसूत्र केसभर उलटें फिरतें. हा हादरा तोच राहिला, तर नवें मळसूत्रही जुन्याच्या वाटेनें जाईल. दुसरी चाकी लावणें, स्प्रिंग वायसर घालणें हे जुने उपाय आहेत. १९५३ सालीं अमेरिकेंत रसायनशास्त्राचे अध्यापक व्हर्नन क्रीबल यांनीं एक असें द्रव तयार केलें कीं, जें उघड्या हवेंत पातळ राहतें आणि धातूच्या दोन आट्यांमध्यें हवा बंद झाली म्हणजे घट्ट होतें. त्या जातीचीं द्रवें आतां येथेंही मिळतात. त्यांतील सौम्य जात घ्यावी, म्हणजे पुढें मळसूत्र साध्या हत्यारांनीं निघेल. तीव्र जातीला सोडविण्यास उष्णता द्यावी लागते. द्रवाचा एक थेंब पुरतो, पण आटे तेलकट असतील तर तो धरत नाहीं.

इतकें करूनही एखादें भोक आधींच बिघडलेलें सांपडतें. अशा वेळीं त्यांत काडी, कागद किंवा दोरा कोंबून मळसूत्र आवळणें हा लाकडापुरता तात्पुरता उपाय आहे. धातूंत तो मुळींच टिकत नाहीं. धातूला तीन मार्ग आहेत. आटे केवळ मळलेले असतील, तर त्याच मापाचा टॅप हळूहळू फिरवून ते उजळावेत. ते गेले असतील आणि भोंवतीं पुरेसा धातु असेल, तर भोक मोठें करून वरच्या मापाचे आटे पाडावेत. तेंही शक्य नसेल, तर भोक मोठें करून त्यांत आंतून मूळ मापाचे आटे असलेला बुश किंवा पोलादी तारेचें वेटोळें बसवावें, म्हणजे पूर्वीचेंच मळसूत्र पुन्हा चालतें. हीं कामें जोडाऱ्याचीं आहेत, घाईचीं नाहींत.

त्या मागाच्या घरीं अखेर हाच तिसरा मार्ग घ्यावा लागला असें समजूं. बिडाचा भाग उतरवून वर्कशॉपला गेला, बुश बसवून परत आला, आणि मधले दिवस तीनच माग चालले. जोडाऱ्यानें मुलाला रागें भरलें नाहीं. त्यानें पट्टीचें शेजारचें मळसूत्र काढून त्याच्या हातावर ठेवलें आणि म्हणाला, "बाळ, दुकानांत जातांना आधीं हें घेऊन जा. आणि आणलेलं पहिल्यांदा बोटांनीं फिरव, पान्हा मागून."

मुलानें नवें मळसूत्र बोटांनीं फिरविलें. तें शेवटपर्यंत गेलें. मग पान्ह्याचा एक लहानसा हिसका पुरला, आणि चौथा माग सुरू झाला.